बँड वाईट, की तुमची सीट वाईट?

मागच्या महिन्यात ढोल-ताशाच्या एका पत्राला उत्तर देता देता मी सहज लिहून गेले की अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल मॅचला जो बँड वाजतो तो ऐकताना मला आपलं पथक आठवायचं. झालं. एवढ्या एका ओळीवर जी पत्रं आलीत ना! निम्म्या घरांतलं कोणीतरी तिकडे आहे आणि निम्म्या घरांतलं कोणीतरी पथकात आहे, पुणंच आहे हे, त्यामुळे नवल वाटायचं कारण नव्हतं म्हणा. या वेळी फक्त बँडचेच प्रश्न घेतेय. ॲडमिशनवाल्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात बघू.

प्रश्न: ताई, माझी मुलगी अमेरिकेत इंजिनिअरिंगला आहे, दुसरं वर्ष. इथे शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची म्हणून तिकडे ऑडिशन दिली आणि कॉलेजच्या मार्चिंग बँडमध्ये लागली, आम्हाला कोण आनंद झाला. पण दर शनिवारी मॅच झाली की फॅन लोक काय वाट्टेल ते बोलतात. यंदाचा बँड ढिला आहे, ऐकूच येत नाही, तीच तीच गाणी वाजवतात, दहा वर्षांपूर्वी काय बँड होता. परवा फोनवर रडली हो. अभ्यास सांभाळून एवढी प्रॅक्टिस करायची आणि वर हे ऐकायचं? लोकांचं खरं असेल का? तिला काय सांगू? (एक आई, कोथरूड)

उत्तर: सगळ्यात आधी तिला विचारा, हे बोलणारे बसले कुठे होते. चेष्टा करत नाहीये. मिस्टरांच्या नोकरीमुळे मी दोन सीझन इंडियानात काढलेत, आणि पहिल्या मॅचला आम्ही सगळ्यात स्वस्त तिकीट काढून पार वर, बँडच्या पाठीमागच्या बाजूला बसलो होतो. घरी येताना मी पण हेच म्हणाले होते, की माणसं एवढी आणि आवाज एवढाच? पुढच्या मॅचला कोणाच्या तरी पासवर समोरच्या बाजूला, मधोमध बसायला मिळालं आणि तोच बँड, तीच गाणी, पण छातीत धडधडलं. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा आवाज टॉर्चसारखा असतो बघा, तोंड जिकडे उजेड तिकडे. हाफटाइमच्या शोमध्ये बँड बराच वेळ एकाच बाजूला तोंड करून वाजवतो, जिकडे प्रेस बॉक्स आणि घरच्या टीमचे लोक असतात तिकडे, मग मागच्या बाजूला नुसते ड्रम पोचतात आणि ते लोक घरी जाऊन सांगतात की ब्रास, म्हणजे ही पितळी वाद्यं, ऐकूच आली नाहीत. खोटं नाही बोलत ते. पण तो अभिप्राय तिकिटाबद्दलचा झाला, बँडबद्दलचा नाही.

शिवाय स्टेडियम केवढाली असतात ती. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात, म्हणजे आपलं गहुंज्याचं स्टेडियम दोनदा भरेल आणि वर माणसं उरतील. एवढ्या उघड्यावर, लाखभर लोक ओरडत असताना, माइकशिवाय वाजवायचं आहे. लग्नाच्या हॉलमध्ये बँड लावून बघितलेल्या माणसाला याचा अंदाज येत नाही.

'गाणं अर्ध्यातच तोडतात' ही पण एक नेहमीची कुरकुर असते, आणि त्यात तर बिचाऱ्यांचा काहीच हात नाही. टीम बॉलवर येऊन खेळायला उभी राहिली की बँडला थांबावंच लागतं, तसा नियम आहे, खेळाडूंना इशारे ऐकू यायला पाहिजेत ना. म्हणजे वाजवायला मिळतात त्या मधल्या फटी, आणि आजकाल त्या फटींमध्ये पण स्टेडियमवाले स्पीकरवर रेकॉर्डेड गाणी नाहीतर जाहिराती सोडतात. बँडवाल्यांनी वाजवायला वाद्यं तोंडाला लावली की वरून स्पीकर सुरू. मी बघितलंय हे, पोरांचे चेहरे पडतात अगदी. याचा राग आला असेल तर तो स्टेडियमवाल्यांवर काढा म्हणावं.

आणि तीच तीच गाणी? अहो टचडाऊन झाला, म्हणजे टीमने पॉइंट मिळवले, की फाइट साँग, म्हणजे टीमचं ठरलेलं गाणं, वाजणारच. मिशिगनचं 'द व्हिक्टर्स' हे १८९८ सालचं आहे, लुई एल्बेल नावाच्या तिथल्याच विद्यार्थ्याने केलेलं, सव्वाशे वर्षं तेच चाललंय आणि ते बदललं तर लोक दंगा करतील. आपण दर वर्षी गणपतीला नवीन आरती मागतो का? आरतीला चाल तीच लागते, तीच तर गंमत आहे. हां, हाफटाइमचा शो मात्र वेगळी गोष्ट. तो जर अख्खा सीझन तोच दाखवत असतील तर फॅनची तक्रार रास्त आहे, तिथे मी मुलीची बाजू घेणार नाही.

आता जरा कडू बोलते. कधी कधी बँड खरंच ढिला असतो. ओळ वळताना आतल्या बाजूचे पोचतात आणि बाहेरचे धावत येतात, मोठा सूर धरायचा तिथे निम्म्यांचा श्वास आधीच संपतो, ट्रम्पेटवाले जोशात येऊन किंचाळतात आणि बाकीच्यांना झाकून टाकतात, ड्रम पुढे पळतात आणि बाकी बँड मागून फरपटत जातो. हे खालच्या सीटवरून पण कळतं आणि वरच्या सीटवरून तर ओळी जास्तच स्पष्ट दिसतात. पण कधी बघितलं हे महत्त्वाचं आहे. सीझन सुरू होतो ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्याच्या आधी आठवडाभर, फार तर दोन आठवडे बँड कॅम्प. चार वर्षांचा कोर्स म्हणजे दर वर्षी साधारण पाव बँड नवा कोरा, आणि बहुतेक पोरं संगीत शिकणारी नसतातच, तुमच्या मुलीसारखी इंजिनिअरिंग, कॉमर्स, नर्सिंगवाली असतात. पहिल्या मॅचवरून बँड जोखायचा म्हणजे जुलैमध्ये नदीपात्रातला सराव बघून पथक जोखण्यासारखं आहे. नोव्हेंबरमध्ये ऐका म्हणावं आणि मग बोला.

आणि ते दहा वर्षांपूर्वीचं काय सांगू, दहा वर्षांपूर्वी तो फॅन वीस वर्षांचा होता आणि त्याची टीम जिंकत होती. टीम हरायला लागली की बँड बेसूर लागतो, मी माझ्या शेजारच्या काकांवर दोन सीझन प्रयोग करून बघितलाय. जिंकलेल्या शनिवारी 'काय वाजवतात पोरं', हरलेल्या शनिवारी 'यांना कोणी शिकवतं की नाही'. वाजवणारी पोरं तीच.

मुलीला एवढंच सांगा, कोणी वाईट म्हटलं तर विचारायचं, कुठल्या गाण्याला, कुठल्या जागी, काय चुकलं. सांगता आलं तर वहीत लिहून घ्यायचं. सांगता आलं नाही तर त्याला पॉपकॉर्न खाऊ द्यायचं. आणि रडली तर रडू दे हो थोडी, पथकात पहिल्या वर्षी मी पण रडले होते, एका आजोबांनी मला भर मिरवणुकीत विचारलं होतं की हा ताशा आहे की पत्र्यावर पाऊस.

प्रश्न: नातवाने फोनवर ओहायो स्टेटचा बँड दाखवला. दोनशेच्या वर माणसं चालता चालता मैदानावर अक्षरं काढतात आणि ताल कुठे सुटत नाही. आणि आमच्या इथे लक्ष्मी रोडवर पुढचे ढोल आणि मागचे ढोल यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. चाळीस वर्षं अलका टॉकीज चौकात उभा राहून बघतोय. आपल्या पोरांना शिस्त नाही हेच खरं ना? (एक निवृत्त वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: काका, तुम्ही शिस्तीला धरून बसलात पण खरा गुन्हेगार आवाजाचा वेग आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यांचं मैदान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर. एका टोकाला वाजलेला ठोका दुसऱ्या टोकाला पाव सेकंदाच्या वर वेळ घेऊन पोचतो. ऐकायला काहीच नाही वाटत, पण मिनिटाला १६० ठोक्यांची लय असेल तर जवळजवळ पाऊण ठोक्याचा फरक पडला. म्हणजे टोकाचा पोरगा जर प्रामाणिकपणे कानाने ऐकून वाजवायला लागला तर तो पाऊण ठोका मागे, आणि त्याचा आवाज परत तुमच्यापर्यंत येईपर्यंत अजून मागे. म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की कानावर विश्वास ठेवायचा नाही, डोळ्यांवर ठेवायचा, ड्रम मेजरचे, म्हणजे समोर उभं राहून ताल दाखवणाऱ्याचे, हात बघून वाजवायचं. कानाने घ्यायचंच तर फक्त मागून येणारं, म्हणून ड्रमवाल्यांना शक्यतो मागे ठेवतात, म्हणजे मागून आलेला ठोका कानावर पडला की पुढच्याने त्यावर वाजवायचं, मग दोन्ही आवाज बरोबरच प्रेक्षकांकडे जातात. किती साधी युक्ती आहे बघा.

आता आपला लक्ष्मी रोड. ताशे एका जागी, ढोलांच्या रांगा पार मागेपर्यंत, दोन्ही बाजूंना इमारती, आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो, मागच्या रांगेतल्या पोराला एकच ठोका दोनदा ऐकू येतो, त्याने कुठल्यावर वाजवायचं? आम्हाला आमचे दादा सांगायचे, ऐकू नकोस, पुढच्याच्या टिपरूकडे बघ. ते टिपरू वर गेलं की आपलं वर. दादा काही फिजिक्स शिकले नव्हते पण अमेरिकेतले बँडमास्तर जे सांगतात तेच सांगत होते. ज्या पथकात मधे उभं राहून कोणी हात दाखवणारा असतो ना, ते पथक लगेच वेगळं कळतं, यंदा त्या नजरेने बघा.

अक्षरांचं म्हणाल तर मैदानावर दर ५ यार्डांना पांढरी रेघ मारलेली असते. ५ यार्डांत ८ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, ५७ सेंटीमीटर. हे पाऊल पायात इतकं बसवतात की डोळे मिटून पडायला पाहिजे. मग प्रत्येकाला ठरवून दिलेलं असतं की अमुक ठोक्याला तू अमुक रेघेपासून अमुक पावलांवर. आमच्यासमोर रेघ कुठली आलीय? ड्रेनेजचं झाकण, खड्डा, मधेच शिरलेला फुगेवाला. पुढचं मंडळ थांबलं की थांबा, निघालं की पळा. त्यांचा शो फार तर दहा मिनिटांचा, कॉलेजच्या मॅचला हाफटाइमच मुळी २० मिनिटांचा असतो, आणि आमची पोरं कमरेला ढोल बांधून तासन् तास. तुलना करायची तर आपल्या स्थिरवादनाशी करा, चौकात गोल करून वाजवतात त्याच्याशी. तिथे मला तरी आपली पोरं कमी वाटली नाहीत कधी.

नातवाने दाखवलं ते 'स्क्रिप्ट ओहायो'. १९३६ पासून करतात ते. एकामागे एक रांग धरून सगळा बँड ओहायो हे नाव जोडाक्षरासारखं लिहीत जातो आणि शेवटी सुझाफोन नावाचं ते अंगाभोवती गुंडाळलेलं अजस्र वाद्य घेऊन एक जण ऐटीत येतो आणि इंग्रजी आय अक्षराचा टिंब होऊन उभा राहतो, टोपी काढून दोन्हीकडे वाकून नमस्कार. त्या टिंबाचा मान मिळावा म्हणून पोरं चार-चार वर्षं वाट बघतात. बँडबाहेरच्या फार थोड्यांना हा मान दिलाय, त्यात अंतराळवीर जॉन ग्लेन एक. आपल्याकडे मानाच्या गणपतीपुढे वाजवायला मिळणं, तसंच समजा. आणि त्या बँडमध्ये १९३४ पासून फक्त ब्रास आणि ड्रम, क्लॅरिनेट, बासरी वगैरे काहीच नाही, त्यामुळे आवाजाला धार आहे ती आहेच.

बाकी तुमचं एक मात्र मान्य. वाजवता वाजवता एका हाताने रील काढणारा वादक दिसला तर माझ्या वतीने पण दोन शब्द ऐकवा.

प्रश्न: ताई मी दीड वर्ष कोलंबसला ऑनसाइट होतो, ओहायो स्टेटचा बँड लाइव्ह बघितलाय, जगात एक नंबर, विषय संपला. पण माझा रूममेट फ्लोरिडात शिकलेला, तो म्हणतो ही परेड आहे बँड नाही, खरा बँड ब्लॅक कॉलेजांचा, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेल्या कॉलेजांचा. आम्ही दोघं आता पुण्यात एकाच कंपनीत आहोत आणि अजून भांडतोय. निकाल द्या. (हिंजवडी फेज टू)

उत्तर: अरे, तुमच्या कंपनीत काम असतं का काही?

निकाल असा की तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. प्रभात बँड चांगला की एखादं ढोल पथक चांगलं, यावर भांडण होईल का? दोन्ही मिरवणुकीत असतात म्हणून काय झालं. तुझ्या रूममेटने बघितला असणार फ्लोरिडा ए अँड एमचा 'मार्चिंग हंड्रेड' किंवा त्या घराण्यातला कुठला तरी. त्या बँडची चालच वेगळी, गुडघा छातीपर्यंत उचलून चालतात, आज रेडिओवर लागणारं गाणं पुढच्या शनिवारी बँडवर, वाजवता वाजवता नाच, आणि आवाज असा सोडतात की पोटात कळतो. त्याच बँडला १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या दोनशे वर्षांच्या परेडला पॅरिसला बोलावलं होतं. त्या कॉलेजांच्या मॅचला लोक हाफटाइमला जागेवरून उठत नाहीत, खायला आणायचं ते खेळ चालू असताना आणतात. आणि मॅच संपली की दोन्ही बँड समोरासमोर बसून एकमेकांना उत्तरं देत वाजवतात, त्याला 'फिफ्थ क्वार्टर' म्हणतात, निम्मी गर्दी त्यासाठीच थांबलेली असते. आता अशा बँडला तू ओळ सरळ आहे का बघत बसलास तर चूक तुझी आहे.

उलट ओहायो, मिशिगन, पर्ड्यू ही मिडवेस्टची मंडळी, यांना आकृती, कडक पावलं आणि जुन्या परंपरा लागतात. पर्ड्यूवाल्यांनी १९०७ मध्येच लष्करी रांगा मोडून मैदानावर पी अक्षर काढलं होतं. त्यांच्याकडे १९२१ पासूनचा एक राक्षसी ड्रम आहे, ते म्हणतात जगातला सगळ्यात मोठा, टेक्सासवाले म्हणतात आमचा मोठा, आणि वाद अजून मिटलेला नाही. (आमचा पुतळा, आमची मूर्ती, आमचं मंडळ सगळ्यात जुनं. तिकडे पण पेठा आहेत.) टेक्सास ए अँड एमचा बँड तर अजून वेगळा, गणवेशातले कॅडेट, नाच नाही, विनोद नाही, नुसते चौकोन एकमेकांतून आरपार जातात. तुला खडकवासल्याची एनडीएची परेड आवडत असेल तर तो आवडेल.

आणि दुसऱ्या टोकाला स्टॅनफर्डचा बँड, ते धड चालतच नाहीत, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर वाट्टेल तसे पळत सुटतात, तीच त्यांची स्टाइल. २० नोव्हेंबर १९८२ च्या मॅचला ते इतके पळत सुटले की मॅच संपली समजून मैदानातच शिरले, आणि तेवढ्यात समोरच्या कॅलिफोर्निया टीमचा खेळाडू बॉल घेऊन थेट त्यांच्यातून घुसला, पलीकडे एका ट्रॉम्बोनवाल्याला आपटला आणि मॅच २५-२० ने जिंकला. या बँडला तू दहापैकी किती मार्क देणार? मी तर दहा देते.

प्रत्येक बँड स्वतः जे करायला निघालाय ते त्याला जमलंय का, एवढंच बघ. ओहायोची ओळ वाकडी झाली तर ओहायो चुकला. मार्चिंग हंड्रेड बघताना तुझा पाय हलला नाही तर मार्चिंग हंड्रेड चुकला. रूममेटला हे वाचून दाखव, आणि दोघांनी मिळून यंदा एखाद्या पथकात नाव घाला, हिंजवडीवरून नदीपात्रात वेळेत पोचून दाखवा म्हणजे मानलं.

प्रश्न: हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल का? (औंध)

उत्तर: नाही. हा तो अंडाकृती बॉल हातात धरून पळायचा आणि एकमेकांवर तुटून पडायचा. पायाचा संबंध अधूनमधून येतो. नाव तसं का ठेवलं ते मला विचारू नका, आमच्या इथे म्हात्रे पूल कोणालाही विचारा, नीट रस्ता सांगतील.

प्रश्न: मी पथकात आहे, चौथं वर्ष. यंदा मुलं कमी आली म्हणून आम्ही ४० ढोलांवर उतरलो तर मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले मागच्या वर्षीच्या पथकाचे शंभर होते, तुमच्यात दम नाही. सुपारीचे पैसे पण कमी करायला बघतायत. अमेरिकेत पण बँड आकड्यावर मोजतात का? (नारायण पेठ)

उत्तर: मोजतात गं, तिकडे पण मोजतात, आमचा बँड तीनशेचा आणि तुमचा दोनशेचा. मैदान भरून दिसायला माणसं लागतातच. पण एक लक्षात घे, वाद्यं दुप्पट केली म्हणून आवाज कानाला दुप्पट लागत नाही, जेमतेम ३ डेसिबलचा फरक पडतो, तो ऐकणाऱ्याला कळला तर कळला. आणि तेवढ्यासाठी रांगा मात्र दुप्पट लांब होतात, म्हणजे वर सदाशिव पेठेतल्या काकांना सांगितला तो सगळा गोंधळ दुप्पट. ४० ढोल एकदम पडले तर शंभर विस्कटलेल्या ढोलांपेक्षा ते मोठे वाटतात, हे मी ताशावरून कान फुटेस्तोवर ऐकलंय.

तुला २०२४ आठवत असेल, हरित लवादाने पथकात तीसच जण असा आदेश काढला आणि सुप्रीम कोर्टाने गणपतीतच त्याला स्थगिती दिली. आम्ही सगळे खूश झालो, मी पण. पण मनात आलंच होतं माझ्या की तीसच जणांत वाजवायची वेळ आली असती तर कुठली पथकं टिकली असती. मागे लपायला जागा नसते ना तिसात.

कार्यकर्त्यांना सरावाला बोलाव. समोर उभं कर, आधी ४० वाजवा, मग त्यांच्या नकळत दहा जणांना थांबवून ३० वाजवा आणि विचार आत्ता किती होते. पैशाचं मात्र आधी ठरवून कागदावर घे बाई, तिथे माझं ज्ञान संपतं.

प्रश्न: मिरवणुकीत कानाजवळ येऊन पिपाण्या वाजवतात त्यांचं काय करायचं? अमेरिकेत हा प्रकार नसेल. (शनिवार पेठ)

उत्तर: आहे की. मिसिसिपी स्टेटचे फॅन गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मॅचला येतात, हजारोंनी. त्यांच्या लीगने १९७४ मध्ये बंदी घातली, लोकांनी ऐकली नाही, शेवटी २०१० मध्ये ठरावीक वेळेलाच वाजवायच्या या अटीवर परवानगी दिली. पिपाणीला तुम्ही काय अट घालणार? कापूस घ्या.

प्रश्न: मुलगा पुढच्या वर्षी तिकडे जातोय, बँडमध्ये जायचं म्हणतोय. पण तिथल्या बँडमध्ये रॅगिंग चालतं असं वाचलं. पाठवू का? (एक वडील, बिबवेवाडी)

उत्तर: तुमची भीती उगाच नाहीये, त्यामुळे चेष्टा नाही करणार. २०११ मध्ये फ्लोरिडा ए अँड एमच्याच बँडच्या एका ड्रम मेजरचा मॅचनंतर बसमध्ये झालेल्या अशा मारहाणीत जीव गेला. मी वर ज्याचं एवढं कौतुक केलं तोच बँड. दीड-पावणेदोन वर्षं त्यांना वाजवू दिलं नाही, खटले चालले, नियम बदलले. बँड उत्तम वाजवतो म्हणून आत सगळं उत्तमच असेल असं नाही, हे आपल्या पथकांनी पण लक्षात ठेवावं. मुलाला सांगा, कॉलेजचे याबाबतचे नियम आधी वाचायचे, जुन्या दोन-चार वादकांशी एकटं गाठून बोलायचं, आणि 'सगळेच करतात, परंपरा आहे' असं कोणी म्हणालं की त्याच दिवशी तुम्हाला फोन करायचा. बँड सुटला तरी चालेल म्हणून आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरं घाबरून बोलत नाहीत.

प्रश्न: आमची भाची तिकडे बँडमध्ये आहे, तिचा हाफटाइम शो घरबसल्या बघायचाय. किती वाजता लावू? (सहकारनगर)

उत्तर: तिकडच्या पूर्व भागात दुपारी १२ ची मॅच असेल तर आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होते, हाफटाइम अकराच्या आसपास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग सगळं एक तास उशिरा धरा. संध्याकाळची मॅच असेल तर रविवारी पहाटे पाचचा गजर लावा, दूध यायच्या आधी.

पण आधीच सांगते, टीव्हीवर हाफटाइमला बहुतेक वेळा बँड दाखवतच नाहीत, स्टुडिओत कोट घातलेले चार जण बसून बोलतात आणि मग जाहिराती. मी पहिल्यांदा सगळ्या नातेवाइकांना जागं ठेवलं होतं, अजून ऐकवतात. त्यापेक्षा दोन दिवस थांबा, बरेच बँड स्वतःच अख्ख्या शोचा व्हिडिओ टाकतात, वरून काढलेला, आकृत्या पण नीट दिसतात. आणि हेडफोन लावा हो, फोनच्या स्पीकरवर सुझाफोन ऐकूच येत नाही, मग परत मलाच पत्र पाठवाल की भाचीच्या बँडला बेस नाही.